डूम : द डार्क एजेस — उजेड भारी, पण दार बंद?

येळ्ळूरकर

१५ मे २०२५ ला डूम या राक्षस मारायच्या गेमचा नवा भाग आला. माझ्या पीसीवर तो चालत नाही, का ते पुढं सांगतो. म्हणून शनिवारी बेळगावात टिळकवाडीला मावसभावाकडं जाऊन बसलो. साडेतीन तास खेळलो, त्यात वळवाच्या पावसानं एकदा लाइट गेली. यूपीएसनं पाच मिनिटं तग धरला आणि मग सगळीकडं अंधार. म्हणजे सुरुवातीचा तुकडा मी दोनदा खेळलो असं धरा.

आधी चांगलं ते सांगतो. दिसायला गेम खरंच राजा आहे. पहिलीच लढाई खलीम नावाच्या गावात. हातात ढाल, तिच्या कडेला करवतीचे दात. फेकली की राक्षसाच्या छातीत रुतते आणि तिथंच घुर्रर्र करत फिरत राहते. भावानं मुद्दाम गेम थांबवून दाखवलं, ठिणग्यांचा उजेड मागच्या भिंतीवर कसा पडलाय ते. मी तोंड उघडं टाकून बघत बसलो, खोटं कशाला बोलू.

पण गेम परत चालू झाला आणि ती भिंत मला पुन्हा दिसलीच नाही. लढाईत डोळे फक्त हिरवं शोधत असतात. शत्रूनं सोडलेल्या माऱ्यात जे हिरवं असेल तेवढंच ढालीनं परतवता येतं, बाकीच्यातून अंग चोरायचं. एवढा देखावा मांडला आणि बघायला सवड म्हणून नाही. साडेतीन तासांत मी आकाशाकडं दोनदा बघितलं असेल.

आता मुख्य दुखणं. माझं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पीसीत चित्र काढणारा भाग, जीटीएक्स १६६० सुपर, ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आलेलं. गेमला कमीत कमी लागतं आरटीएक्स २०६० सुपर, ते आलं जुलै २०१९ मध्ये. म्हणजे माझं कार्ड तीन महिन्यांनी धाकटं, तरी त्याला आत घेत नाहीत. कारण एकच, रे ट्रेसिंग सक्तीचं आहे. प्रत्येक किरण कुठून निघाला आणि कुठं आपटला याचा हिशोब कार्डानं त्या त्या क्षणी करायचा. जुन्या पद्धतीत हा उजेड आधीच भिंतीवर रंगवून ठेवलेला असायचा. सक्ती म्हणजे सेटिंगमध्ये बंद करायचं बटणच ठेवलेलं नाही.

जी भिंत लढताना कुणी बघत नाही, तिच्यावरच्या उजेडापायी माणसाला उंबऱ्यावरच अडवायचं, हे मला पटत नाही. तुमचं काय?

कॅम्पातला कोडर

तुझं दुःख कळतं, पण हिशोब चुकतोय. १६६० सुपर धाकटं असलं तरी त्याच्यात किरणांचा हिशोब करणारा वेगळा भागच नाही. तो नव्हता म्हणूनच ते स्वस्त मिळालं. तेव्हा पैसे वाचवले, आता त्याची वसुली चालू आहे.

दुसरं, हे नुसतं भिंत सजवायला नाही. आधी उजेड रंगवून ठेवायच्या पद्धतीत कलाकारानं एक खांब इकडचा तिकडं केला की त्या भागाचा उजेड पुन्हा भाजायला, म्हणजे मशीनकडून नव्यानं मोजून रंगवायला लावायचा आणि वाट बघत बसायचं. आता खांब हलवला की सावली लगेच हलते. गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरवाल्यांनीच सांगितलंय की यानं त्यांचा बराच वेळ वाचला. शिवाय गोळी चिलखताच्या लोखंडाला लागली की चामड्याला, हे ओळखायलाही तेच किरण वापरलेत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमलाही हीच सक्ती होती. सहा वर्षांच्या कार्डासाठी किती दिवस थांबायचं लोकांनी?

येळ्ळूरकर

वेळ वाचला त्यांचा आणि कार्ड बदलायचं मी. बरं, वेळ वाचला म्हणून किंमत तरी उतरली का? अमेरिकेत ७० डॉलर होती, ७० डॉलरच राहिली. हे म्हणजे हॉटेलवाल्यानं भांडी घासायचं मशीन आणलं म्हणून गिऱ्हाइकानं ताट घरून आणायचं.

ओतारी उद्यमबाग

मी एका फाउंड्रीत पोअरिंगला, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायला आहे, बारा वर्षं झाली. गेमची मला फार अक्कल नाही. पोराचा एक्सबॉक्स सिरीज एस आहे, त्यावर गेम पासच्या वर्गणीत पहिल्याच दिवशी आला म्हणून नाइट शिफ्ट संपवून घरी आल्यावर बघाय बसलो. चित्र जरा पुसट आहे त्या मशीनवर, पण चालतो व्यवस्थित.

येळ्ळूरकर म्हणतात भिंत कुणी बघत नाही. मी बघितली की.

आमच्याकडं भट्टी कलती केली की लोखंड लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यात पडतं. तेव्हा नवीन पोरं सगळी लेडलकडंच बघत असतात. जुना माणूस छताकडं बघतो. पत्र्यावर उजेड कसा हलतोय त्यावरून धार सरळ पडतेय की उसळतेय ते कळतं, डोळेही दिपत नाहीत. लोखंडावर स्लॅगची म्हणजे मळीची साय धरली की छत एकदम मंद होतं, ती बाजूला ओढली की परत भडकतं. शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडावर खालून उजेड येतो, नाकाची सावली कपाळावर जाते.

आजपर्यंत गेममध्ये आणि सिनेमात बघितलं त्यात वितळलेला रस नुसता लाल रंग दिल्यासारखा असतो, खोलीवर त्याचा काही परिणामच नाही. ह्यात पहिल्यांदा बघितलं. लाव्हाजवळून राक्षस चालत गेला तर त्याच्या पोटाखालून उजेड येतो, लांब गेला की विझतो. मी पोराला म्हटलं, ए थांब, परत मागं घे. तो म्हणाला, बाबा तुम्ही मरूलालाय इथं आणि छत काय बघूलालाय!

आमचं लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं, ते असं नारिंगी नसतं, पिवळसर पांढरं दिसतं. पण लाव्हा म्हणून नारिंगी बरोबर आहे. तेवढी सूट दिली.

शहापूरकरीण

ओतारीदादा, तुमचा हा प्रतिसाद वाचून मी गेम परत लावला आणि छत बघत बघत दोनदा मेले. धन्यवाद.

मी मात्र रे ट्रेसिंगवर भांडणार नाही, माझी तक्रार वेगळी आहे. मी २०२० चा डूम इटर्नल दोनदा संपवलाय. त्यात पाय जमिनीला लागत नव्हते, उडी, झोका, हवेतून गोळी. ह्यात मात्र पाय रोवून उभं राहायचं. आधीचं लढाऊ विमान, आता रणगाडा. पहिल्या तासाला मला वाटलं, ह्याला सर्दी झाली की काय. मग सेटिंगमध्ये गेमचा वेग वाढवायची पट्टी सापडली, ती थोडी पुढं सरकवली आणि रंग भरला. ज्यांना संथ वाटतोय त्यांनी आधी ती पट्टी शोधा, शिव्या नंतर द्या.

ड्रॅगनचा भाग मात्र अगदीच मिळमिळीत. जाहिरातीत सगळ्यात पुढं तोच होता आणि खेळताना बघावं तर घिरट्या घाल, थांब, नेम धर, हिरवा गोळा चुकव, परत घिरट्या. किल्ला सुंदर, ढग सुंदर, आणि मी जांभया देतेय. संगीतही २०१६ च्या डूमइतकं अंगावर येत नाही. तेव्हा मिक गॉर्डन होता, आता फिनिशिंग मूव्ह नावाच्या मंडळींनी केलंय. वाईट नाही, पण गेम बंद केल्यावर काही गुणगुणावंसं वाटत नाही.

कॅम्पातला कोडर

गुणगुणायला डूम? बाई, तुमचं घर बघायला हवं.

जुना खेळाडू

तुमचं भांडण वाचून करमणूक झाली. पहिला डूम आला डिसेंबर १९९३ मध्ये. आमच्या हातात पडेपर्यंत आणखी दोन-तीन वर्षं गेली. खडे बाजाराजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं टायपिंग आणि लोटस हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकायच्या नावाखाली जायचो. सरांच्या केबिनमधलं एकच मशीन ४८६, म्हणजे वेगवान, बाकी सगळी जुनी ३८६. गेमचा पहिला भाग फुकट वाटायला परवानगी होती, तो कुणीतरी पुण्याहून फ्लॉप्यांवर आणला होता. ३८६ वर इतका अडखळायचा की राक्षस लग्नातल्या फोटोसारखे उभे. सर चहाला गेले की ४८६ साठी आमची मारामारी.

म्हणजे येळ्ळूरकर, डूमनं गरिबाला रडवायची रीत बत्तीस वर्षांची आहे. तुमच्यावर खास राग नाही.

येळ्ळूरकर

काका, इथंच तर तुम्ही माझ्या हातात कोलीत दिलंत.

जुना डूम माझ्याकडं आहे, परवाच लावला. त्यात वजाबाकीची खूण दाबली की खेळायची चौकट लहान होते. दाबत जाल तशी आणखी लहान, शेवटी पोस्टाच्या तिकिटाएवढी, भोवती नुसती नक्षी. एफ ५ दाबलं की चित्र जाडंभरडं होतं. ही सोय कशासाठी होती? तुमच्या त्या ३८६ साठीच. मशीन कमी ताकदीचं आहे, ठीक आहे, थोडं कमी बघ, पण खेळ. मी तेवढंच मागतोय. मला पोस्टाच्या तिकिटाएवढा दाखवा, सावल्या काढून टाका, राक्षस चौकोनी करा. पण बटण द्या.

जुना खेळाडू

हे मात्र खरं. आम्ही चौकट लहान करूनच खेळायचो, विसरलोच होतो. अर्ध्या स्क्रीनवर भुतं आणि वर सरांनी चिकटवलेलं गणपतीचं स्टिकर.

कॅम्पातला कोडर

युक्तिवाद छान आहे, पण लागू होत नाही. तिथं चौकट लहान केली की काम कमी व्हायचं, खेळ तोच राहायचा. इथं किरण काढून टाकले तर सगळा उजेड दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा करायचा. एका गेमचे दोन गेम होतात. तुझ्या तिकिटामागं कुणाची तरी दोन वर्षं जातील.

तरी एक कबूल करतो. लढताना भिंत दिसत नाही हे तुझं म्हणणं माझ्याही अनुभवाचं आहे. मी आरटीएक्स ४०६० कार्डावर सगळ्या सेटिंग वर ढकलून खेळलो, मग काही गोष्टी खाली आणल्या. दहा मिनिटांनी काय खाली आणलं ते आठवेना.

गेम झोन, गणपत गल्ली

आमच्याकडं रोज दोन पोरं विचारून जातात, डूम आला काय. मल्टिप्लेअर नाही म्हटलं की व्हॅलोरंट लावून बसतात. एकट्यानं खेळायच्या गेमला तासावर पैसे कोण देणार? १०० जीबी जागा अडवायची आणि गिऱ्हाईक एक. मी नाही टाकणार. दिसायला कसाही असो.

निपाणीकर

आमच्याकडं वेगळंच रडगाणं. भावानं कोल्हापुरातून पीएस ५ ची डिस्क आणली, एस.टी.त मांडीवर ठेवून, जपून. आम्हाला वाटलं नेट वाचलं. डिस्कवर निघाले जेमतेम ८५ एमबी! बाकी सगळा गेम डाउनलोड. नेट रात्री बारानंतर जरा बरं चालतं, म्हणून दोन रात्री उदबत्ती लावल्यासारखे टक्के बघत बसलो. अजून ढाल फेकलेली नाही, त्यामुळे उजेडाबद्दल मत राखून ठेवतो.

बाय द वे, भाषांची यादी बघितली. मराठी नाही, कन्नडही नाही. निदान तिथं तरी दोघांवर सारखाच अन्याय.

शहापूरकरीण

निपाणीकर, हा मुद्दा काढू नका हो, धागा वेगळ्या खात्यात जाईल.

खानापूरचा जंगली

किल्ल्याचे दगड बघून मला आपला बेळगावचा किल्ला आठवला. खंदकाची बाजू, पावसाळ्यातली. गेमवाल्यांचा दगड फार स्वच्छ आहे, एवढ्या जुन्या बुरुजावर एक पिंपळाचं रोप नाही हे मनाला पटत नाही. आणि ज्यांना फुकटात रे ट्रेसिंग बघायचंय त्यांनी किल्ल्यातल्या कमलबस्ती या जैन मंदिरात जाऊन यावं. १२०४ सालचं काम, खांब असे गुळगुळीत की दारातला उजेड आतपर्यंत पोचतो. कार्ड लागत नाही, चपला बाहेर काढाव्या लागतात.

येळ्ळूरकर

हाहा. तिथं बंद करायचं बटण नाही, तरी तक्रार नाही माझी.

ओतारीकाका, एक विचारायचं राहिलं. गेममध्ये काही राक्षसांकडं लोखंडी ढाली आहेत. गोळ्या मारत राहिलं की ती ढाल तापून लालभडक होते, मग आपली ढाल फेकून मारली की तिच्या ठिकऱ्या उडतात. हे खरं आहे काय?

ओतारी उद्यमबाग

मीपण त्यावर अडकलो होतो. पोराला म्हटलं, हे चूक आहे. लाल झालेलं पोलाद फुटत नाही, दबतं, वाकतं. म्हणून तर लोहार तापवून ठोकतो. गार बिडाचं कास्टिंग हातातून पडलं तर टवका उडेल, पण लाल पोलादाच्या ठिकऱ्या? नाही.

मग शिफ्टला आमच्या लॅबच्या माणसाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, पोलादात गंधक जास्त राहिलं असेल तर ते लाल असतानाच ठोकल्यावर तडकतं. म्हणूनच गंधकाचं प्रमाण एवढं काटेकोर बघतात.

आणि नरकात गंधकाला काय तोटा! म्हटलं, सोडून दे, बरोबर असेल त्यांचं.

येळ्ळूरकर, सुट्टीच्या दिवशी या घरी. पोरगं दहावीच्या जादा वर्गाला असतं, एक्सबॉक्स रिकामाच असतो. वेगाची पट्टी कुठं आहे ते शहापूरच्या ताईंना विचारून या, मला सापडत नाही.