मदत हवी आहे: वाचनालयाचा सर्व्हर ब्रँडेड घ्यावा की असेंबल्ड? (कोहा, डेबियन)

भाटातला_माड

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या एका वाचनालयाचं संगणकाचं काम मी बघतो. पुस्तकांची देवघेव कोहा या मोफत ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर, खाली डेबियन लिनक्स. जूनमध्ये विजा चमकल्या त्या रात्री सर्व्हरचं रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, गेलं. डेटाची काळजी नाही, रोजचा कोहा-डंप (सगळ्या नोंदींची प्रत) दुसऱ्या यंत्रावर जातो आणि सध्या एका जुन्या डेस्कटॉपवर काम भागतंय.

वैताग सपोर्टचा आहे. यंत्र नावाजलेल्या कंपनीचं, ऑनसाइट वॉरंटी शिल्लक. फोनवर म्हणे, 'आधी विंडोज टाका, मग आमचं डायग्नोस्टिक चालवा.' डिस्कच दिसत नाहीत, तर टाकू कुठे? मग इंजिनियर आला आणि झाकणही न उघडता म्हणाला, 'लिनक्स आहे ना, ते आमच्यात बसत नाही.' बरीच हुज्जत घातल्यावर पार्ट मुंबईहून मागवला. चतुर्थी झाली, पार्ट वाटेतच.

आता कार्यकारिणी नवा सर्व्हर घ्यायला तयार आहे. पणजीच्या डीलरचं कोटेशन: टॉवर सर्व्हर, रेड कार्ड, तीन वर्षं 'नेक्स्ट बिझनेस डे' (पुढच्या कामाच्या दिवशी सेवा). म्हापशाच्या असेंबलरचं: साधं यंत्र, दोन एसएसडी, कार्ड नाही, लिनक्सच्याच एमडीएडीएम (mdadm) या साधनाने मिररिंग, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. पहिल्याच्या पैशांत दुसरी दोन येतात. अध्यक्ष म्हणतात, "फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नाही, निदान पेटी तरी कंपनीची असू दे."

लिनक्स आहे म्हणून वॉरंटी खरंच नाकारता येते का? आणि कोहासाठी पैसे मोजून सपोर्ट घ्यावा का?

रात्रपाळी

वॉरंटी हार्डवेअरची असते, वर काय चालतं त्याची नव्हे. कागद काढून वाचा, इंजिनियरच्या तोंडी नियमावर जाऊ नका. डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक, एचपीईच्या सर्व्हरमध्ये आयएलओ असतं, म्हणजे यंत्रावर नजर ठेवणारं वेगळं सर्किट. ते ओएस (विंडोज, लिनक्स) बंद असतानाही चालतं आणि कार्ड, रॅम, पंखा यांच्या तक्रारी स्वतः नोंदवतं. तक्रार करताना तोच लॉग जोडायचा, म्हणजे विंडोजचा विषयच निघत नाही. ऑर्डर देण्यापूर्वी ते मॉडेल उबुंटू किंवा रेड हॅटच्या सर्टिफाइड यादीत आहे का पाहा, आणि पर्चेस ऑर्डरवर ओएसचं नाव लिहून घ्या.

'नेक्स्ट बिझनेस डे'ला भुलू नका. फोनवरचं निदान संपलं की मग तो दिवस मोजायला लागतात, आणि तोही पार्ट हाताशी असेल तर. तुमच्या गावासाठी पार्ट कुठल्या गोदामातून निघतो ते डीलरकडून लेखी घ्या. गुळमुळीत उत्तर आलं तर समजा.

माझा कौल असेंबल्डला, पण दोन घ्या. एमडीएडीएमची खूण डिस्कवरच असते, त्यामुळे यंत्र मेलं तरी डिस्क काढून दुसऱ्यात लावल्या की डिस्कची जोडी (ॲरे) पुन्हा उभी राहते. हार्डवेअर रेडला बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं कार्ड शोधावं लागतं. यूपीएस मात्र चांगला घ्या, आपल्याकडे पहिल्या पावसात लाइट कशी नाचते ते माहीतच आहे.

शेल्फ_क्रमांक_८९१

अध्यक्षांना लिबलाइमची गोष्ट सांगा. कोहा न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी बनलं, जानेवारी २००० पासून वापरात आहे. पुढे लिबलाइम ही अमेरिकी कंपनी त्यातली मोठी सपोर्टदार झाली, कोहाची मुख्य वेबसाइटही तिच्याच हातात. २००९ मध्ये तिने आपली वेगळी आवृत्ती काढली, २०१० मध्ये ती कंपनीच पीटीएफएस या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. बाकीच्या ग्रंथालयांनी आणि प्रोग्रामरांनी नवीन वेबसाइट उभारून काम चालू ठेवलं. आजही मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते. बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीने असं केलं असतं तर?

पैसे देऊन सपोर्ट घ्यायला हरकत नाही, कोहाच्या साइटवर देशवार यादी आहे. करारात दोनच गोष्टी बघा: सर्व्हरचा रूट (सर्वाधिकाराचा) पासवर्ड वाचनालयाकडे राहील, आणि पूर्ण डंप कधीही मागता येईल. दुसरी नाकारणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

भाटातला_माड

दोघांचेही आभार. दोन यंत्रं घ्यायची, असं ठरवून रविवारच्या बैठकीत मांडतो. अध्यक्ष ब्रँडेडवर अडून बसले तर ओएसची ओळ ऑर्डरवर घालून घेईनच. मडगाव-पणजीत कोणा डीलरने ती ओळ मान्य केल्याचा अनुभव कुणाला असेल तर कृपया कळवा. आणि एसएसडी एकाच लॉटमधल्या दोन घ्याव्यात की वेगवेगळ्या कंपन्यांच्या?