अडचणीच्या काळातलं रोजचं चित्र : तुमचे अनुभव लिहा

घरात आजारपण आलं, नोकरी गेली, जवळचं माणूस गेलं, की सगळ्यात आधी बाजूला पडते ती रंगपेटी. स्वयंपाक करावाच लागतो, बिलं भरावीच लागतात. चित्र नाही काढलं तर कुणी विचारायला येत नाही. म्हणून मुद्दाम विचारते आहे. वाईट दिवसांत ज्यांनी रोजचा सराव टिकवला, त्यांनी तो नेमका कसा टिकवला? वेळ कुठून काढला, कागद केवढा घेतला, काय सोडून दिलं?

माझं सांगते. मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. पूर्वी रविवारी सकाळी तलावपाळीला बसून मोठ्या कागदावर निसर्गचित्र करायचे. ते बंद झालं. आता कार्ट्रिज पेपरचे, म्हणजे चित्रकलेच्या जाडसर कागदाचे, पोस्टकार्डाएवढे तुकडे एकदम कापून ठेवते आणि नानांचा चहा होऊन ते जरा पडले की एक तुकडा रंगवते. विषय ठरलेला : त्यांच्या खिडकीतलं आंब्याचं झाड. रोज नवा विषय शोधायचा असता तर हे केव्हाच थांबलं असतं, असं माझं ठाम मत आहे. आणि एकच झाड पुरून उरतं. सॅप ग्रीन हा हिरवा ट्यूबमधून तसाच लावला तर पान खोटं दिसतं. त्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातली की ते आंब्याचं पान होतं. कोवळी पालवी फुटते तेव्हा तर हिरवा लागतच नाही, सगळं तांबूस. नानांना बोलता येत नाही, पण पोपट कुठल्या फांदीवर बसलाय ते डाव्या हाताने दाखवतात.

दोन ओळींचे अनुभवही चालतील. जमलं नसेल तर तेही लिहा.

ऐरोलीहून

ताई, मी तैलरंगात काम करणारा माणूस. बायकोची केमो सुरू झाली आणि टर्पेंटाइनच्या नुसत्या वासाने तिला उमळायला लागलं. त्याच दिवशी बाटल्या, ट्यूब, कॅनव्हास सगळं बांधून माळ्यावर टाकलं. मग जलरंगाच्या वड्यांची छोटी पेटी आणि वॉटर ब्रश घेतला. त्याच्या दांड्यातच पाणी भरता येतं, त्यामुळे वाटी लागत नाही. ओपीडीत नंबर यायला तासन्‌तास जातात. समोर बसलेल्यांचे चेहरे काढणं मला बरं वाटेना. माणूस तिथे काय घेऊन बसलाय हे दिसत असतं. म्हणून नजर खाली ठेवली आणि खुर्च्यांखालच्या चपला काढू लागलो. कोल्हापुरी, रबरी स्लिपर, अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली, सुजलेल्या पायाला होईना म्हणून टाच दाबून घातलेला बूट. एका आजींनी वाकून बघितलं आणि आपली चप्पल माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "ही पण काढ रे, नवीनच आहे." बायको बरी आहे आता. तैलरंग अजून माळ्यावरच आहेत, जलरंगाची गोडी लागली आहे.

नेरुळहून

२५ मार्च २०२० पासून सगळं बंद झालं तेव्हा मी मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत होतो. थोड्याच दिवसांत नोकरी गेली. पेटीतला पिवळा आणि लाल संपत आला होता आणि रंगांची दुकानं उघडायची चिन्हं नव्हती. तेव्हा स्वयंपाकघराकडे वळलो. बिनदुधाचा चहा आटवला की सुरेख तपकिरी मिळतो, थरावर थर दिला की गडद होत जातो. हळद पिवळ्यासाठी. हळदीत चुना पडला की ती लाल होते, कुंकू असंच करतात हे आजीकडून ऐकलेलं. मित्राची तंबाखूच्या चुन्याची डबी कामाला आली. गच्चीवरून खाडीकडे फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा दिसायचा, त्यासाठी बीटाचा रस वापरला. तो मात्र लवकरच मळकट तपकिरी पडायचा. हळदही उजेडात टिकत नाही : भिंतीला लावलेल्या चित्रांतला पिवळा उडून गेला, वहीत मिटलेल्यांतला अजून आहे. दिवसभर नोकरीचे अर्ज पाठवायचो, उत्तर कुणाचंच येत नसे. हळदीत चुना कालवला की तिथल्या तिथे काहीतरी घडायचं, आणि तेवढ्यासाठी मी संध्याकाळची वाट बघायचो.

वाशीहून

माझं वय ७१. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, साखर आटोक्यात येईना म्हणून ऑपरेशन लांबत गेलेलं. हळूहळू निळ्या आणि काळ्या ट्यूबमधला फरक कळेनासा झाला. मग अल्ट्रामरीनला एक रबरबँड, काळ्याला दोन, आणि बाकीचे रंग ताटलीत ठरल्या जागी. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही असंच झालं होतं. मोतीबिंदूचं निदान १९१२ मध्ये, शस्त्रक्रिया थेट १९२३ मध्ये. त्या काळात तो ट्यूबवरची नावं आणि रंग मांडायचा ठरलेला क्रम यांच्या भरवशावर रंगवत होता. नातीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला फार धीर आला.

बारीक काम सोडलं. तांब्या-भांडं आणि एक लिंबू खिडकीशी ठेवायचं आणि फक्त उजेड-सावली बघायची. ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी निघाली आणि स्टीलची भांडी निळसर चमकायला लागली. आधीची चित्रं काढून बघितली, तर सगळीकडे निळा भडक लागलेला. नजरेवर पिवळट पडदा होता, निळा पोचतच नव्हता, म्हणून हात तो वाढवत गेला. त्या चित्रांना मी हात लावणार नाही. मला तेव्हा जग तसंच दिसत होतं.

घणसोलीहून

माझा अनुभव वेगळा आहे. भाऊ गेल्यावर मी रोजचा नेम मोडला आणि ते योग्यच होतं. काहीही काढायला बसलं की त्याचा चेहरा यायचा. मग काही महिने, वाटेल तेव्हाच, नुसते वॉश दिले : कागद भिजवायचा, वरून एक निळा सोडायचा, कागद तिरपा धरायचा. दुःखातल्या माणसाला रोज हजेरी लावायला सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. याला तुम्ही सराव धराल का?

नौपाड्याहून

धरणार तर! नेम मोडल्याचं लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्यासारखे अजून कुणी असतील तर त्यांनीही लिहा.

कळव्याहून

चाळीत तळमजल्याला राहतो, पावसाळ्यात भिंती घाम सोडतात. वडिलांच्या डायलिसिसच्या फेऱ्यांमुळे रंगवायला रात्रीच बसतो. जुलैत कागद तासभर ओलाच राहतो आणि दुसरा थर दिला की खालचा उचलून सगळं मळकट होतं. त्यावर दोन उपाय. पावसाळ्यात एका बैठकीत एकच थर द्यायचा, दुसरा उद्या. आणि कोरे कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायचे. नव्या बुटांच्या खोक्यात असतात त्याच पुड्या. नाहीतर कागदावर बुरशीचे ठिपके येतात आणि तिथे रंग फुटतो. ऐरोलीचे दादा, माळ्यावरचे कॅनव्हास एकदा खाली काढून बघा, त्यांनाही बुरशी धरते.