मदत हवी आहे: ट्रॉम्बेची अणुभट्टी नेमकी कुणी बांधली?

फलकवाली:
उद्या सकाळी प्रदर्शनाचा फलक छपाईला जायचाय आणि एका ओळीवर अडलेय. ट्रॉम्बेची अणुभट्टी कुणी बांधली? एका ठिकाणी 'संपूर्ण भारतीय' लिहिलंय, दुसरीकडे 'ब्रिटनच्या मदतीने', तिसरीकडे 'कॅनडाने दिली'. एका ओळीत सांगा प्लीज, वाद नको.

मास्तर६१:
कुठली अणुभट्टी? ट्रॉम्बेत एकच नाही.

ध्रुवतारा:
भारतीयच! तिथली पहिली भट्टी अप्सरा आपल्या लोकांनी आखली, आपल्याच लोकांनी उभारली. ४ ऑगस्ट १९५६ ला क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली अणुविभाजनाची साखळी आपोआप चालू राहू लागली; सोव्हिएत संघ वगळता आशियातली पहिली. बाकीचं सगळं नंतरचं.

घाटवाट:
अप्सरेतलं समृद्ध युरेनियमचं इंधन ब्रिटनकडून आलं होतं, ते का गाळता? इंधनाशिवाय भट्टी म्हणजे पाण्याचा हौद.

ध्रुवतारा:
हौद, नियंत्रण यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स, सगळं इथं घडलं. इंधन विकत घेतल्यानं घर परक्याचं होत नाही.

घाटवाट:
घर परक्याचं कुणी म्हटलं? ब्रिटनचं नाव लिहा, एवढंच म्हणतोय.

संध्याछाया:
हौद म्हणालात म्हणून सांगते. माझे वडील तिथे होते. ते सांगायचे, कठड्यावरून वाकून पाहिलं की खोल पाण्याच्या तळाशी गाभ्याभोवती निळा उजेड दिसायचा. पाणी इतकं स्वच्छ की तळ हाताला लागेल असं वाटायचं. तेच पाणी गाभा थंड ठेवायचं आणि वर उभ्या माणसाला किरणोत्सारापासून वाचवायचं. 'अप्सरा' हे नाव नेहरूंनी दिलं.

फलकवाली:
छान आहे, पण मला कॅनडाचं काय करायचं ते कळेना.

मास्तर६१:
अहो, फोटो कुठला आहे ते सांगा ना! घुमट दिसतोय का?

फलकवाली:
हो, समुद्राकडेला मोठा गोल घुमट. सांगायचं राहिलं.

मास्तर६१:
मग ती ट्रॉम्बेचीच दुसरी भट्टी, सायरस; अप्सरा नव्हे. आता कॅनडा जुळतो. कॅनडातल्या चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स या संशोधन भट्टीच्या नमुन्यावर, ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची. करार १९५६ चा, क्रिटिकल १० जुलै १९६० ला. अप्सरेसारखा उघडा हौद नाही, तर आत न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारं जड पाणी आणि समृद्ध न केलेलं नैसर्गिक युरेनियम. एनआरएक्सला नदीचं पाणी थंड करायचं. इथे समुद्र होता, म्हणून थंड करणारं साधं पाणी बंद चक्रात फिरवून त्याची उष्णता समुद्राच्या पाण्याला दिली. नमुना परका, पण जागेपायी असा बदल करावा लागला.

पानगळ:
फ्यूजनबद्दलही, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याबद्दलही लिहा! अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या जिनिव्हाच्या १९५५ च्या परिषदेत अध्यक्ष होमी भाभाच होते. वीस वर्षांत फ्यूजनवर ताबा मिळेल असं ते तिथे म्हणाले होते.

फलकवाली:
फ्यूजन नकोय मला.

घाटवाट:
जिनिव्हा मात्र हवंच. युद्धकाळात कुलूपबंद ठेवलेली माहिती त्या ऑगस्टमध्ये खुली झाली. अमेरिकेने चालती भट्टीच नेऊन मांडली होती. तोवर देश एकमेकांपासून आकडे लपवायचे. त्या वातावरणात कॅनडाने मोठी भट्टी देऊ करणं ही साधी गोष्ट नव्हती.

ध्रुवतारा:
आणि १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर त्याच कॅनडाने हात आखडता घेतला. त्या चाचणीत वापरलेलं प्लुटोनियम सायरसमध्येच तयार झालं होतं. हेही छापा.

मास्तर६१:
तिला एक ओळ हवी आहे, इतिहास नाही. पण 'कॅनडाने दिली' इतकंच लिहू नका. सुरुवातीच्या इंधनाचा मोठा वाटा ट्रॉम्बेतच बनला होता. पहिल्याच भट्टीनंतर इतक्या लवकर युरेनियम धातूचे दांडे घडवणं, मला तरी तेच खरं कौतुकाचं वाटतं.

फलकवाली:
आता असं लिहिलंय: 'सायरस: कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली भारतीय संशोधन अणुभट्टी, १९६०.' चालेल?

संध्याछाया:
अमेरिका राहिली. जड पाणी तिथून आलं, म्हणून तर नावाच्या शेवटी यूएस आहे: कॅनडा, इंडिया, रिअॅक्टर, यूएस.

फलकवाली:
अरे देवा, हे लक्षातच आलं नव्हतं. 'कॅनडाची रचना, अमेरिकेचं जड पाणी' असं घालते. अप्सरेला वेगळा चौकोन देते, त्यात ब्रिटनच्या इंधनाचा उल्लेख करते. संध्याताई, निळ्या उजेडाचं वाक्य घेऊ का? वडिलांचं नाव नको असेल तर नाव न घालता घेईन.

संध्याछाया:
घ्या. नाव नको.