क्रूझवरून एडिनबरा: सकाळी ८ ते संध्याकाळी ६, नक्की काय काय बसतं?

घारापुरी
नमस्कार मंडळी. जुलैत ब्रिटनला वळसा घालणारी क्रूझ घेतली आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून निघून परत अ‍ॅमस्टरडॅमलाच. त्यात एडिनबराला एकच दिवस मिळतो. वेळापत्रकात लिहिलंय: "साउथ क्वीन्सफेरी, टेंडर, ८:०० ते १८:००". आम्ही सहा जण. आम्ही दोघं, मुलगा, सासू-सासरे (सत्तरीपुढचे, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास) आणि नणंद. नणंदेचा पासपोर्ट अमेरिकन, बाकी सगळ्यांचे भारतीय. तिघं शाकाहारी.

मनात आहे ते असं: किल्ला, रॉयल माइल (किल्ल्यापासून खाली जाणारा जुना रस्ता), होलीरूड राजवाडा, म्युझियम, आर्थर्स सीटची टेकडी आणि जमलं तर ब्रिटानिया हे राजघराण्याचं जुनं जहाज. जहाजाची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं? आणि यातलं काय कापावं?

उंडगा
यादीतलं निम्मं आत्ताच कापा. कारण सांगतो.

टेंडर म्हणजे जहाज धक्क्याला लागणार नाही. ते फोर्थच्या खाडीत नांगर टाकून उभं राहणार आणि छोट्या बोटींतून तुम्हाला हॉज पिअर या धक्क्याला सोडणार. पहिल्या बोटी जहाजाच्या टूरवाल्यांच्या. स्वतंत्र जाणाऱ्यांना नंबराची चिठ्ठी घेऊन बसावं लागतं. ८ ला जहाज आलं तरी तुमचे पाय जमिनीला ९ ते ९:३० च्या आत लागतील असं धरू नका. शहर तिथून १५ किमीच्या आसपास. म्हणजे शहरात पोचायला साडेदहा.

आता उलटीकडून मोजा. निघायची वेळ ६ असेल तर शेवटची टेंडर ५ किंवा ५:३० ला असते. नेमकी वेळ आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात छापलेली असते, तीच खरी. शेवटच्या तासात धक्क्यावर रांग लागते, म्हणून ४:१५ ला पिअरवर असायचं. त्यासाठी शहरातून ३:१५ ते ३:३० ला निघायचं. दहा तासांच्या मुक्कामात शहर हाती लागतं पाच तास. पाच तासांत वेळ ठरवून घ्यायच्या तिकिटाची एक गोष्ट, फुकटची एक गोष्ट आणि चालणं, एवढंच बसतं.

ब्रिटानिया लीथला आहे, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. ज्यांचं जहाज लीथ किंवा न्यूहेवनला लागतं त्यांना ते सोपं. २०२३ पासून ट्राम न्यूहेवनपर्यंत जाते आणि वाटेत ओशन टर्मिनलला थांबते. तुम्हाला नाही परवडणार. आर्थर्स सीट २५१ मीटर, चढून-उतरून दोन तास. तेही बाद. होलीरूड रॉयल माइलच्या पार खालच्या टोकाला आहे. शिवाय जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला राजा तिथे मुक्कामाला असतो, तेव्हा राजवाडा बंद. तारीख तपासा, पण मी तर तोही सोडेन.

पिअर ते शहर दोन रस्ते:

ट्रेन: डालमेनी स्टेशन. पिअरसमोर हॉज इन आहे, तिथून रेल्वेपुलाच्या कडेने वर जायला पायऱ्यांची वाट आहे. १५-२० मिनिटं, पण चढ दमवणारा. पुढे एडिनबरा वेव्हर्ली या मुख्य स्टेशनापर्यंत २० मिनिटांच्या आसपास. हेमार्केट आधी येतं, तिथे उतरू नका. स्कॉटरेलने सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडं काढून टाकलंय, तेव्हा सकाळी गेलात म्हणून जास्त पैसे पडत नाहीत.

बस: जहाज आलेल्या दिवशी पिअरवरूनच शहराला थेट बस लागते. सासूबाईंसाठी हीच. ट्रॅफिकमुळे वेळ थोडा वर-खाली होतो, पण पायऱ्या वाचतात.

परतताना एक घोळ हमखास होतो. वेव्हर्लीहून फोर्थ पूल ओलांडणाऱ्या सगळ्या गाड्या डालमेनीला थांबत नाहीत. अ‍ॅबर्डीनची जलद गाडी "त्याच दिशेची" म्हणून पकडलीत तर डालमेनी खिडकीतून मागे जाताना दिसेल आणि तुम्ही पुलापलीकडे फाइफमध्ये. बोर्डावर गाडीचं नाव वाचू नका, खालची थांब्यांची यादी वाचा.

काळा कातळ
उंडगा यांच्या हिशेबाला अनुमोदन. किल्ल्याचं थोडं.

तिकीट ऑनलाइन काढा. वेळेचा स्लॉट असतो, जुलैत ते संपतात. दर माणशी २० पौंडांच्या आसपास. सकाळी ९:३० चा पहिला स्लॉट मोकळा दिसला म्हणून घेऊ नका, टेंडर लांबली की पैसे गेले. ११:१५ ते ११:३० चा घ्या. त्याचा दुसरा फायदा म्हणजे १ वाजताची तोफ आतूनच बघायला मिळते. ही तोफ १८६१ पासून उडते, रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज. त्याआधी १८५२ पासून समोरच्या कॅल्टन टेकडीवरच्या नेल्सन मनोऱ्यावर एक गोळा ठरल्या वेळी खाली पडायचा. तो बघून लीथ बंदरातली जहाजं आपली घड्याळं लावायची. धुक्यात गोळा दिसेना, म्हणून आवाजाची सोय केली.

आत शिरल्यावर बहुतेक लोक पहिल्या तोफेपाशी फोटो काढत रेंगाळतात. तुम्ही सरळ वर क्राउन स्क्वेअर गाठा आणि राजमुकुटाची रांग आधी उरका. दुपारी ती अंगणात येते. त्याच इमारतीत १५६६ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स जन्मला ती चिमुकली खोली आहे. ग्रेट हॉलमध्ये भिंतींवरची शस्त्रं बघून झाली की मान वर करून लाकडी छत बघायला विसरू नका. मग सेंट मार्गारेटचं चॅपल, साधारण ११३० सालचं, शहरातली सगळ्यात जुनी उभी इमारत. दहा-बारा माणसांत भरून जातं. त्याच्या बाहेरच मॉन्स मेग, १४४९ ची अजस्र तोफ. जुन्या गाइडबुकांत 'स्टोन ऑफ डेस्टिनी' (राज्याभिषेकाचा दगड) किल्ल्यात आहे असं लिहिलेलं असतं. तो मार्च २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे, इथे शोधू नका.

दरवाजाबाहेरच्या मैदानात जुलैत टॅटूच्या (लष्करी बँडच्या सोहळ्याच्या) प्रेक्षागॅलऱ्या उभ्या असतात, तिथून देखावा फारसा मिळत नाही. पण तिथेच ७८ व्या हायलँडर्सचा क्रूस आहे, १८५७-५८ च्या हिंदुस्थानातल्या लढायांत मेलेल्यांचा. हीच पलटण १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली होती. आणि आपला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट, त्याचे वडील याच किल्ल्याचे गव्हर्नर होते. मुलाला हे आधी सांगून ठेवा, किल्ला जरा जवळचा वाटेल.

कोथिंबीरवडी
सगळ्यांनी किल्ला बघायलाच हवा का? आत चढ आणि ओबडधोबड दगडी फरसबंदी. गुडघेवाल्या माणसाला दोन तास ती शिक्षाच. चालायला त्रास असणाऱ्यांना वर नेणारी छोटी गाडी असते, पण गर्दीच्या दिवशी तिच्या भरवशावर बेत आखू नये.

ताई, सरळ दोन गट करा. तुम्ही, मुलगा, नणंद किल्ल्यात. सासू-सासरे आणि तुमचे यजमान चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियममध्ये. प्रवेश फुकट, १० ते ५, लिफ्ट, बाकडी, स्वच्छ टॉयलेटं, कॅफे. क्लोन केलेली डॉली मेंढी तिथेच आहे, आणि लुइस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी ११. त्यातला ढालीची कड दातांनी चावणारा शिपाई शोधा, हसू येतं. हवा बरी असेल तर लिफ्टने गच्चीवर जा. किल्ल्याचा जो देखावा किल्ल्यात जाऊन दिसत नाही तो इथून दिसतो.

दोन्ही गटांनी १:३० ला रॉयल माइलवरच्या सेंट जाइल्स चर्चच्या दारात भेटायचं. म्युझियमपासून जॉर्ज द फोर्थ ब्रिज या रस्त्याने सपाट चाल, सात-आठ मिनिटं. मात्र फोनवरच्या नकाशाने इथे फसायला होतं. हा रस्ता म्हणजे खरोखरचा पूल आहे, खालून काउगेट जातो. नकाशात दोन्ही रस्ते एकमेकांना कापतात, प्रत्यक्षात मध्ये कित्येक मजल्यांची उंची असते. "काउगेटवर भेटू" असं ठरवलंत तर एक जण वर, एक जण खाली, आणि दोघांचेही ठिपके एकाच जागी!

सेंट जाइल्समध्ये प्रवेश फुकट, देणगीची पेटी आहे. आतलं थिसल चॅपल (१९११) चुकवू नका. लाकडी कोरीवकामात बॅगपाइप वाजवणारा देवदूत आहे, तिथल्या स्वयंसेवकांना विचारलं की दाखवतात. रविवार असेल तर प्रार्थनांमुळे पर्यटकांना दुपारीच सोडतात. बाहेर फरसबंदीत दगडांचं हृदय आहे, जुन्या तुरुंगाच्या जागेवर. लोक त्यावर मुद्दाम थुंकतात, जुनी रीत आहे. बसून फोटो काढू नका.

परतीला अ‍ॅडव्होकेट्स क्लोज या बोळातून डोकावा. दोन उंच भिंतींच्या फटीत लेखक वॉल्टर स्कॉटचं स्मारक बरोब्बर मावतं. पायऱ्या तीव्र आहेत, म्हणून बघून मागे फिरा आणि सासूबाईंना कोबर्न स्ट्रीटने न्या. तो वळणं घेत हळूहळू थेट स्टेशनच्या मार्केट स्ट्रीटच्या बाजूला उतरतो.

घारापुरी
दोन गट हे डोक्यातच आलं नव्हतं, फार छान. पण वेव्हर्लीहून वर चढायचं कसं? आणि व्हिसाचं आमचा एजंट म्हणतोय की शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) आहे, जहाजावरून काही तासांसाठी उतरायला तेवढं चालतं. खरं का?

उंडगा
एजंट बदला. :) ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. तो नसेल तर अ‍ॅमस्टरडॅमला जहाजावरच चढू देणार नाहीत. दुसरं म्हणजे शेंगेन मल्टिपल एंट्री हवा. अ‍ॅमस्टरडॅमहून निघून ब्रिटनला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, परत येणं ही दुसरी एंट्री. नणंदेला व्हिसा नको, पण ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) ऑनलाइन काढावं लागेल. ते २०२५ पासून अमेरिकनांना लागू आहे.

वेव्हर्ली दरीत आहे, दोन्हीकडे चढच. सासू-सासऱ्यांना स्टेशनवरून टॅक्सीने म्युझियमच्या दारात सोडा. बस हवी तर प्रिन्सेस स्ट्रीटजवळून २३ नंबर माउंडचा चढ चढून जॉर्ज द फोर्थ ब्रिजला जाते. कार्ड टेकवा. रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. पिअरवरची थेट बस वेव्हर्लीपर्यंत जात नसेल तर उतरल्या जागी परतीचा थांबा आधी बघून ठेवा, तो बहुतेकदा समोरच्या बाजूला असतो.

घड्याळाचंही बघा. ब्रिटन नेदरलँड्सच्या एक तास मागे. फोन आपोआप बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. शेवटची टेंडर 'जहाजाच्या वेळेप्रमाणे' असेल आणि तुम्ही फोन बघत असाल तर तासभर उशीर झालेला असेल.

कोथिंबीरवडी
शाकाहाराचं राहिलं. व्हेजिटेरियन हॅगिस सर्रास मिळतं. ओट्स, डाळी, बिया, मिरपूड, बरोबर सलगमासारख्या कंदाचा आणि बटाट्याचा लगदा. चविष्ट असतं, नाक मुरडू नका. फसवणारं आहे ते मसूर सूप. दिसायला आपल्या वरणासारखं, पण पारंपरिक कृतीत डुकराच्या हाडांचं पाणी असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. चिप्सही काही ठिकाणी गुरांच्या चरबीत तळतात. शॉर्टब्रेड मैदा-लोणी-साखरेचं, बहुधा बिनअंड्याचं, तरी पाकिटावर बघा. १ ते २ मध्ये रॉयल माइलवर सहा जणांना टेबल मिळणं कठीण. म्युझियमवाल्यांनी तिथेच खाऊन घ्यावं, किल्लेवाल्यांनी सँडविच बांधून घ्यावं.

काळा कातळ
हवेबद्दल कोणीच बोललं नाही. या किनाऱ्यावर उन्हाळ्यातसुद्धा समुद्रावरून 'हार' नावाचं दाट धुकं आत येतं. शहर झाकलं जातं, पण फिरणं थांबत नाही. वारा मात्र खरा शत्रू. खाडीत लाटा उठल्या की टेंडर बंद, आणि कप्तान सगळा थांबाच रद्द करू शकतो. त्यामुळे जे पैसे परत मिळणार नाहीत असं फक्त किल्ल्याचंच तिकीट काढा, बाकी काही नको. जहाजाच्या टूरचे पैसे अशा वेळी सहसा परत येतात आणि टूर उशिरा आली तर जहाज थांबतं, हा तिचा एकमेव खरा फायदा. सहा जणांच्या हिशेबात तो मला महाग वाटतो.

वेळ उरलाच तर तो शहरात नका घालवू, क्वीन्सफेरीत घालवा. पिअरच्या डोक्यावर १८९० चा लाल फोर्थ पूल, अडीच किलोमीटर, तिन्ही पोलादी मनोऱ्यांसकट. शेजारी १९६४ चा झुलता पूल आणि पलीकडे २०१७ चा. टेंडरची रांग तिथून नजरेसमोर असते.

उंडगा
आणि त्या रोजच्या पत्रकाच्या तळाशी बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. सहाही जणांच्या फोनमध्ये त्याचा फोटो हवा, एकट्याच्या नको. दोन गट करताय ना.