शिशाच्या नाण्यांवरची पांढरी भुकटी

पावसाळ्यानंतर विद्यापीठाच्या संग्रहातल्या जुन्या नाण्यांवर भुकटी दिसली, तर पेटीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) वाढवा, असं सुचवलं जातं. तांब्याला ते लागू आहे: फिकट हिरवी, पुसली तरी परत येणारी पूड असेल तर आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली रोखायची. शिशाला मात्र तेवढ्याने भागत नाही. आणि कोल्हापुरात शिशाची नाणी टाळता येत नाहीत. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली, धनुष्यबाण असलेली विळिवायकुर या प्राचीन राजाची बरीच नाणी शिशाची आहेत.

इथे गुन्हेगार बहुधा पेटीच. प्लायवुड, एमडीएफ (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या) यांतून असेटिक आम्लाची वाफ निघते, बंद पेटीत साठते आणि शिशाचं पांढरं कार्बोनेट होतं. काच चिकटवायचं सिलिकॉनही तपासा: व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते नको, न्यूट्रल क्युअरचं (सुकताना असेटिक आम्ल न सोडणारं) घ्या. पेटी पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याची करा. खाली लोकरी फेल्ट नको (शेजारची चांदी काळी पडते), धुतलेलं, बिनखळीचं सुती कापड चालेल.

भुकटी झटकू नका, ती विषारी असते; हातमोजे घालून नाणं वेगळं काढा आणि संवर्धकाला (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. साफ करायला चिंच-लिंबू तर अजिबात नको.