जाहिरात बघून काय काय खाल्लं, प्यालं, फासलं? या, सांगा

गोदाकाठ:
परभणीत भरतीची पोरं पहाटे जिथं पळतात, त्या मैदानाबाहेर खांबावर एक कागद चिकटवलाय. 'उंची वाढवा, हमखास गॅरंटी, पोलीस भरतीसाठी खास कोर्स.' खाली मोबाईल नंबर. भाचा सोबत होता. त्याची उंची 164 भरते, मुलांना 165 सेंटिमीटर लागते. कागद वाचून म्हणला, मावशी, एक डबा मागवून बघायचा का? रीलमधीपण त्याला रोज तेच येतं. एकदा बघितलं की फोन पिच्छाच सोडत नाही.

मला एकदम लहानपणचं आठवलं. वर्गात सगळ्यात बुटकी मी. टीव्हीवर उंचीच्या पावडरीची जाहिरात लागायची, हट्ट धरला. घरच्या म्हशीचं दूध डेअरीला जायचं, त्या पैशातून डबा यायचा, अन् पावडर कालवायला दूध उरायचं नाही म्हणून मी ती पाण्यात प्यायचे! आजी म्हणायची, "म्हस आपली, मंग ताकद डब्यातली कामून?" कुणी ऐकलं नाही तिचं. जाहिरातीतल्या पोरीचं दप्तर नवं, आई गाडी चालवणारी, घरात सोफा. उंचीपेक्षा मला तेच पायजे होतं बहुतेक.

तुमच्याकडचं सांगा. टीव्ही, भिंत, एसटीची पाठ, मोबाईल, काहीही चालेल.

मोंढ्यावरचा:
हजर. भाच्याला म्हणावं केस वाढव, वरून मेंदी थाप, एक सेंटिमीटर कुठं गेला नाही. हाहाहा

भरती_चालू:
दादा पट्टी दाबून मोजतात, मेंदीबिंदी चालत नाही. आमच्यातल्या एकानं केलतं, सायेब म्हणले आधी डोकं धुऊन ये. ताई, सकाळी उठल्या उठल्या उंची जरा जास्त भरते, दिवसभरात मणक्यातल्या गाद्या दबतात. एवढाच काय तो फरक, तोबी फुकट. छाती किती हाय त्याची? 79 लागते, अन् फुगवून वर 5. ग्राऊंडला निघालो, नंतर लिहितो.

मेडिकलवाला:
काउंटरवरून लिहितोय, तुटक वाटेल. उंची वाढवायच्या औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. औषधी व जादुई उपाय कायदा, 1954 चा. त्यातल्या यादीत उंची आहे. कायदा माझ्या बापाच्या वयाचा, खांबावरचा कागद मात्र दर भरतीला नवा. हाडांच्या टोकाला वाढीच्या पट्ट्या असतात, अठरा-एकोणीसपर्यंत बहुतेक पोरांच्या बंद होतात. मग डबा खा नाहीतर पोतं खा.

पण एवढं समजावून सांगेपर्यंत पोरगं शेजारच्या दुकानात गेलेलं असतं. विचारायला कुणी येतच नाही आता. फोन पुढं करतात, "हेच द्या." वजन वाढवायच्या बिननावाच्या पुड्या तर विचारू नका. तोंड गोल सुजतं, पोरगं खुश, तब्येत झाली म्हणून. स्टिरॉइडनं तोंड तसंच होतं हो. आलो, गिऱ्हाईक आहे

रानमोगरा:
स्टिरॉइडवरून लिहितेच. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत.

बहिणीचं लग्न जमेना. पाहुणे पोहे खाऊन जायचे, मागून निरोप, 'मुलगी सावळी आहे.' क्रीमच्या जाहिरातीत पोरगी उजळली की लगेच नोकरी, लगेच नवरा. पुढं 2020 साली त्यांनी नावातला गोरेपणा काढला म्हणे, बघायला येणाऱ्यांनी कुठं काढला? मैत्रिणीनं मोबाईलवर कुणा बाईचा व्हिडिओ दाखवला, म्हणून हिनं मेडिकलमधून खाजेची बारकी ट्यूब आणली. सुरुवातीला चेहरा असा उजळला की गल्लीतल्या बाया नाव विचारायला. मग लाल, पुरळ, गालावर लव. लावायची बंद केली की आग आग. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही, अन् आता मनानं एकदम सोडूही नको, मी सांगते तशी सोड. वर्ष गेलं त्यात.

लग्न झालं नंतर, सावळ्या तोंडानंच. जालन्यात आहे, मजेत आहे. नवरा काळा कुळकुळीत, त्याला कुणी क्रीम दिली नाही. झाल्या शिट्ट्या.

मेडिकलवाला:
आमच्याकडून नेली नव्हती ना ताई?

रानमोगरा:
नाही हो भाऊ, घाबरू नका.

मेसवाली_लातूर:
आमची मेस हाय ट्यूशन एरियात. सगळी नीटची पोरं. सकाळी गरम सुशीला, म्हंजे फोडणीचे मुरमुरे, ठेवलं तर खाईनात, रात्री वीस रुपयाची एनर्जीची बाटली मात्र पायजेच. जाहिरातीत हिरो डोंगरावरून उडी मारतो, अन् आमची पोरं वहीवर डोकं ठेवून थरथरतेत. बाटलीवर बारीक अक्षरात छापलंय, लहान मुलांसाठी नाही. नीट वाचणाऱ्या पोरांनी तेवढंच वाचलं नाही.

एका पोराचं काळीज धडधडायलं म्हणून रातच्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पहिलं विचारलं, झोपला कधी होता? देगलूरहून त्याची माय आली, घरी नेलं, नुसतं खाऊ घातलं अन् झोपवलं. परत आला तवा गडी चांगला होता. मी फ्रीजमधून बाटल्या काढल्या तर पोरं समोरच्या दुकानात.

मला ईचाराल तर चौकाचौकात टॉपरचे फोटो लावलेत, खाली मार्क, तीबी जाहिरातच हाय की. झोपमोड तिथून सुरू होती, बाटली नंतर येती.

गोदाकाठ:
मावशी, शेवटची ओळ मोठ्या अक्षरात लिहा. आणि सुशीला कसं करता? माझं चिवट होतं.

नांदेडची_आपा:
सगळ्याच जाहिराती वाईट नसतात हां. पल्स पोलिओला मी बूथवर बसायचे. बाया म्हणायच्या, ह्या डोसानं पुढं पोरं होत नाहीत. मग मशिदीतून सांगितलं जायचं, आम्ही घरोघर हिंडायचो, अन् टीव्हीवर अमिताभ 'दो बूंद जिंदगी की' म्हणून रागवायचा. माझी सासू, जी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती, म्हणाली, "इतना बडा आदमी गुस्सा हो रहा, जा, पिला के ला." 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त म्हणून कागद मिळाला, तेव्हा आम्ही बूथवाल्यांनी चहा-खारी खाल्ली. बास, तेवढाच सत्कार.

मोंढ्यावरचा:
आपा, कोविडात फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा, आठवतं का? आमची आज्जी लगेच फोन ठेवायची. "त्याला खोकला झालाय, पडू दे बिचाऱ्याला." दोन महिने मामाला वाटलं आज्जी रुसली.

कयाधू:
हाहाहा मेले. माझं वेगळंच. पॅडच्या जाहिरातीत निळं पाणी ओतायचे. मला वाटायचं, शाळेत शाई सांडली की टिपायचं असंल. खरं काय ते पाळी आल्यावर कळलं. आधी सांगणार कोण, ती जाहिरात लागली की बाबा उठून टीव्ही बारीक करायचे अन् आई चुलीकडं जायची. निळ्याच्या जागी लाल दाखवलं असतं तर घाबरले तरी नसते.

रानमोगरा:
अगं माय, आमच्याकडं काका अंगणात जाऊन खाकरायचे!

मास्तर_माजलगाव:
उशिरा आलो. वर्गात विचारलं, पानमसाला कामून खाता रे? "सर, त्यात केशर असतं, टीव्हीवर हिरो खातो." 2003 च्या कायद्यानं तंबाखूची जाहिरात बंद, म्हणून त्याच नावाच्या इलायचीची जाहिरात. गुटखा 2012 पासून राज्यात बंद, म्हणून दोन पुड्या, एक मसाल्याची एक तंबाखूची, तोंडात गेल्यावर एकच. शाळेपासून 100 यार्डांत विक्री नाही असा बोर्ड आहे. पोरं त्याला टेकून पुड्या फोडतात.

खेळ म्हणून म्हणलं, तीन बोटं उभी तोंडात घाला. सगळी हसत हसत घालायला लागली. दहावीतल्या एकाची दोनच गेली. तोंड असं आखडणं नुसत्या सुपारीनंही होतं, तंबाखू असायलाच पाहिजे असं नाही. अंबाजोगाईला दाखवलं. तिखट लागू देत नाही, भाकर दुधात कुस्करून खातो. सोळा वर्षांचा आहे.

मेसवाली_लातूर:
देवा. घरचे काय म्हणलेत, सर?

मास्तर_माजलगाव:
काय म्हणणार. बापाचीच टपरी आहे.

नांदेडची_आपा:
सर, तोंडाचे व्यायाम सांगितले असतील, ते रोज करून घ्या त्याच्याकडून. वर्गातच करा सगळ्यांसोबत, त्याला एकट्याला लाजवू नका.

मास्तर_माजलगाव:
हे बरं सुचवलं. परिपाठानंतर घेतो.

मेसवाली_लातूर:
गोदाकाठ, सुशीला राहिलंच बगा. मुरमुरे भिजवून लगेच घट्ट पिळायचे, पाण्यात ठेवायचे नाहीत, तिथंच चिवट होतंय. फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे, अन् वरून डाळव्याचं कूट.

रानमोगरा:
कूट? आमच्यात नाही घालत.

मेसवाली_लातूर:
मंग तुम्ही सुशीला खाल्लंच नाही.

मोंढ्यावरचा:
झालं, लागलं भांडण. मुरमुरे आमच्याकडून न्या, ठोक भावात देतो.