‘वहिवाट’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतर आणि दुसरे अपील : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. पुरंदर तालुक्यातील आमच्या विहिरीचा वाद पुण्यातील दोन्ही न्यायालयांत आमच्या बाजूने लागला. आता चुलत्यांनी मुंबईला उच्च न्यायालयात दुसरे अपील दाखल केले आहे आणि तेथे सगळे एका शब्दावर येऊन ठेपले आहे.

आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्यात 1962 साली नोंदणीकृत वाटणीपत्र झाले. विहीर धाकट्यांच्या हिश्श्यात गेली, पण दस्तात असे लिहिले आहे : “सदर विहिरीच्या पाण्याची वहिवाट उभयतांनी चार-चार दिवसांच्या पाळीने निरंतर करावी, त्यास कोणी हरकत करू नये.” आमची अंजिराची बाग याच पाळीवर उभी आहे.

1998 च्या अधिसूचनेनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याने, “पाण्याची वहिवाट आमची आहे” असे बाबांनी साक्षीत सांगितले तेव्हा ते न्यायाधीशांना आणि दोन्ही वकिलांना समजावून द्यावे लागले नाही. संविधानाच्या अनुच्छेद 348 मुळे उच्च न्यायालयात मात्र कामकाज इंग्रजीत चालते, आणि तेथे दाखल झालेल्या भाषांतरात ‘वहिवाट’ म्हणजे ‘परमिसिव्ह यूज’, परवानगीने केलेला वापर, असे आले आहे. ‘निरंतर’ हा शब्द तर गळूनच गेला आहे. परवानगी म्हटली की 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार ती अनुज्ञप्ती ठरते आणि सर्वसाधारणपणे देणाऱ्याला ती काढून घेता येते. हक्क म्हटला तर तसे करता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे वहिवाट म्हणजे नुसता ताबाही नव्हे आणि नुसता वापरही नव्हे. चारचौघांना ठाऊक असलेला, हक्काने चालत आलेला उपभोग त्यात येतो. म्हणून तर गावात ‘वहिवाटीचा रस्ता’ कोणी अडवला की लोक तहसीलदारांकडे जातात. बाबा आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांना काय म्हणायचे होते हे सांगायला नोंदवलेली साक्ष एवढीच उरली आहे.

आमच्या वकिलांचे म्हणणे असे की भाषांतराचा मुद्दा युक्तिवादाच्या वेळी पाहता येईल. मला ते पटत नाही, कारण दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते आणि हक्काच्या दस्ताचा अर्थ चुकीचा लावणे हा तसा प्रश्न मानला जातो. म्हणजे चुकीच्या भाषांतरातूनच अपिलाला आधार मिळू शकतो. तेव्हा अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच हरकत नोंदवून आपले भाषांतर सादर करता येते का, की न्यायालयाच्या भाषांतरकारांकडून ते नव्याने करून मागावे? मोल्सवर्थचा 1857 च्या आवृत्तीचा शब्दकोश किंवा भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश अशा वेळी आधार म्हणून दाखवलेला कोणी पाहिला आहे का? मूळ मराठी शब्द तसाच ठेवून अर्थ पुढे स्पष्ट केलेला एखादा निकाल माहीत असल्यास तोही कळवावा.

सुनावणी दिवाळीच्या सुटीनंतर आहे. दस्तातील मागचापुढचा मजकूर हवा असल्यास मी येथे शब्दशः टंकून देईन.